पुणे आकाशवाणीचा शेतकरी श्रोता मंडळ प्रयोग (१९५६) : काळ व खर्चाचे नियोजन

प्रस्तावना
स्वातंत्र्योत्तर काळात ग्रामविकासाची माहिती खेड्यांपर्यंत नेण्याचे प्रभावी साधन म्हणून नभोवाणीकडे पाहिले गेले. १९५२ मध्ये सामूहिक विकास कार्यक्रमास प्रारंभ झाला आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. याच केंद्रावरून १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग झाला. त्याच्या यशात काळ व खर्चाच्या नियोजनाचा वाटा किती होता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रयोगाचा आराखडा
कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट एकत्र बसून नभोवाणीचा कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. हीच कल्पना तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत राबविण्यात आली. प्रत्येक मंडळात साधारणतः २० सभासद होते. १९ फेब्रुवारी ते २६ एप्रिल १९५६ या दहा आठवड्यांत दर रविवारी व गुरुवारी अर्ध्या तासाचा एक, असे २० कार्यक्रम प्रसारित झाले. मंडळांनी पाठविलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात.

मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते व ते समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली पार पडले. मंडळे असलेली गावे, केवळ रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. सभासदांच्या मुलाखती प्रसारणापूर्वी व नंतर अशा दोन वेळा घ्यावयाच्या असल्याने पहिल्या कार्यक्रमाच्या आधीच प्रश्नावली, गावांची निवड व मंडळांची स्थापना पूर्ण होणे आवश्यक होते. मूल्यमापन हा वेळापत्रकाचा पहिला टप्पाही होता, ही बाब लक्षणीय आहे.

खर्चाची दिशा
वीस कार्यक्रमांचा एकूण प्रसारणकाळ अवघा १० तासांचा होता. याउलट दीडशे गावांत प्रत्येकी २० बैठका धरल्यास त्यांची संख्या सुमारे ३,००० होते. म्हणजेच कामाचा खरा भार ध्वनिमुद्रणगृहात नसून गावच्या चावडीत होता. संयोजकांचे प्रशिक्षण, त्यांचा प्रवास, रेडिओ संचांची दुरुस्ती आणि पत्रव्यवहार या दुय्यम वाटणाऱ्या बाबींवरच मंडळांचे अस्तित्व अवलंबून होते. निष्कर्षही याला पूरक होते. मंडळे असलेल्या गावांत माहितीत मोठी वाढ आढळली. केवळ रेडिओ असलेल्या गावांत ती अल्प होती. रेडिओ दोन्हीकडे होता, चर्चा मात्र एकीकडेच होती.

मर्यादा व विस्तार
हा कालावधी बव्हंशी रब्बीच्या काढणीनंतरचा व पावसाळ्यापूर्वीचा असल्याने सायंकाळच्या बैठकांना तो सोयीचा होता. तथापि दहा आठवड्यांत माहितीतील वाढ मोजता येते. ती माहिती खरिपाच्या पेरणीत वापरली गेली किंवा नाही, हे मोजता येत नाही. प्रत्यक्ष आचरण तपासण्यासाठी किमान एक पूर्ण शेतीवर्ष आवश्यक ठरले असते.

१९५९ मध्ये योजना देशभर नेण्यात आली. विल्बर श्रॅम व सहकाऱ्यांच्या १९६७ मधील युनेस्कोसाठीच्या अभ्यासात तिच्या पहिल्या दशकाचा आढावा घेतला गेला. विस्तारलेल्या योजनेत पर्यवेक्षण, संचांची देखभाल व मंडळांशी सततचा संपर्क यांत उणिवा राहिल्या. प्रायोगिक टप्प्यात अल्पसंख्य गावांना मिळालेले मनुष्यबळ मंडळांची संख्या वाढताना त्याच प्रमाणात वाढले नाही.

समारोप
पुण्याच्या प्रयोगाने चर्चेची परिणामकारकता सिद्ध केली. परंतु चर्चा घडवून आणण्याची किंमत पुढील विस्तारात पुरेशी गृहीत धरली गेली नाही. संदेश तयार करण्याचा खर्च सहज दिसतो, तर तो ऐकला, समजला व त्याला उत्तर मिळाले याची खात्री करण्याचा खर्च विखुरलेला असल्याने अंदाजपत्रकातून प्रथम तोच वगळला जातो. आरोग्य, साक्षरता वा मतदार जागृतीचे उपक्रम आखणाऱ्या महाविद्यालयांनीही वेळापत्रकाचा आरंभ पूर्वपाहणीने करावा आणि श्रोत्यांच्या प्रतिसादासाठी खर्चाचे स्वतंत्र शीर्ष ठेवावे, हा या प्रयोगाचा बोध आहे.