जुना राऊटर फेकू नका; मागच्या खोलीत वायफाय न्या

फायबरची जोडणी देणारा माणूस राऊटर बहुधा हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी बसवून जातो. हॉलमध्ये वेग छान मिळतो, मागच्या खोलीत मात्र रेंज जेमतेम उरते. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जाड भिंती असोत की शहरातला काँक्रीटचा स्लॅब, दोन्हीतून लहरी कमजोर होऊनच पलीकडे जातात. मग दहावीच्या मुलीला ऑनलाइन तासासाठी टीव्हीच्या आवाजात बसावे लागते. आखातात नोकरी करणाऱ्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला की अंथरुणाला खिळलेल्या दादीपर्यंत तो पोहोचेपर्यंत चित्र गोठते.

अशा वेळी बरेच जण महागडा प्लॅन घेतात. पण प्लॅन वाढवल्याने भिंत पातळ होत नाही. कपाटात पडलेला जुना राऊटर आणि एक केबल एवढ्यावर हे काम होते. त्या राऊटरला 'ॲक्सेस पॉइंट' कसे बनवायचे, ते आम्ही इथे क्रमाने सांगत आहोत.

आधी एक नियम समजून घ्या

घरातल्या प्रत्येक मोबाईलला, लॅपटॉपला नेटवर्कमध्ये एक आयपी पत्ता लागतो. तो पत्ता वाटण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात आणि ते काम मुख्य राऊटर करतो. एका वर्गात दोन शिक्षक एकाच वेळी हजेरी घेऊ लागले तर जो गोंधळ होईल, तोच दोन राऊटर पत्ते वाटू लागले की होतो. म्हणून पत्ते वाटणारा घरात एकच हवा. दुसऱ्याने फक्त केबलमधून आलेले इंटरनेट वायफायने पुढे द्यायचे. खालच्या सगळ्या पायऱ्या याच नियमातून येतात.

काय लागेल?

- चालू स्थितीतला जुना राऊटर. लॅनचे पोर्ट असतील तर टेलिफोनच्या तारेवरचा जुना ब्रॉडबँड राऊटरही चालतो.
- मागच्या खोलीपर्यंत पुरेल अशी 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' केबल. १०० मीटरपर्यंत ती नीट काम करते, म्हणजे घरासाठी भरपूर झाली.
- लॅपटॉप किंवा मोबाईल. मोबाईल वापरत असाल तर तेवढा वेळ मोबाईल डेटा बंद ठेवा, नाहीतर सेटिंगचे पान उघडत नाही.

पायऱ्या

१. मुख्य राऊटरचा पत्ता पाहा. हॉलमधल्या वायफायला जोडलेल्या मोबाईलमध्ये त्या वायफायच्या तपशिलात 'गेटवे' म्हणून तो दिसतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. ब्राउझरमध्ये टाइप करताना आकडे इंग्रजीच वापरा.

२. जुना राऊटर रिसेट करा. तो चालू करून मागच्या बारीक छिद्रातले बटण टाचणीने साधारण १० सेकंद दाबून धरा. जुने पासवर्ड आणि सेटिंग पुसले जातात. आता मुख्य राऊटरला न जोडता, फक्त लॅपटॉप किंवा मोबाईल त्याला जोडा आणि त्याच्या तळाशी छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये उघडा.

३. 'ॲक्सेस पॉइंट मोड' आहे का ते बघा. नव्या राऊटरमध्ये तो बहुधा असतो. तो निवडला की पुढची पाचवी आणि सहावी पायरी राऊटर स्वतःच करतो. केबल कोणत्या पोर्टात लावायची तेही पडद्यावर सांगतो. नसेल तर सगळ्या पायऱ्या हाताने करा.

४. वायफायचे नाव आणि पासवर्ड ठेवा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार हॉलमधल्यासारखाच ठेवला तर घरात फिरताना मोबाईल आपोआप इकडून तिकडे जोडला जातो. सेटिंगच्या पानाचा पासवर्डही लगेच बदला.

५. जुन्या राऊटरचा लॅन पत्ता बदला. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, मुख्य १९२.१६८.०.१ असेल तर १९२.१६८.०.२. मुख्य राऊटर हाच पत्ता दुसऱ्या कुणाला देणार नाही, एवढे बघा. त्याची डीएचसीपीची यादी २ पासून सुरू होत असेल तर ती २० पासून सुरू करा. पत्ता बदलताच पान तुटते. घाबरू नका, पुन्हा वायफाय जोडून नव्या पत्त्याने पान उघडा.

६. डीएचसीपी बंद करा. हे शेवटी करा. आधीच बंद केले तर सेटिंगच्या पानापर्यंत परत पोहोचणे अवघड होते.

७. केबल लावा. मुख्य राऊटरच्या लॅन पोर्टातून जुन्या राऊटरच्या लॅन पोर्टात. वेगळ्या रंगाचा, 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेला पोर्ट रिकामा सोडा. सवयीने केबल तिथेच लावली जाते आणि घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. मग मागच्या खोलीत इंटरनेट चालले तरी हॉलमधला प्रिंटर तिथल्या मोबाईलला सापडत नाही.

नीट झाले का, कसे ओळखावे?

मागच्या खोलीत जाऊन वायफायचा तपशील पुन्हा पाहा. गेटवे म्हणून मुख्य राऊटरचाच पत्ता दिसला की काम फत्ते. 'जोडले आहे, पण इंटरनेट नाही' असे आले तर आधी डीएचसीपी खरोखर बंद झाले का आणि केबल कोणत्या पोर्टात आहे, हे तपासा.

२.४ गिगाहर्ट्झवर दोन्ही राऊटरचे चॅनेल वेगळे ठेवा: एकाचे १, दुसऱ्याचे ६ किंवा ११. हे तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. जुन्या राऊटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर त्यापुढे वेग मिळणार नाही, पण ऑनलाइन तासाला आणि व्हिडिओ कॉलला तेवढा पुष्कळ आहे.

केबल टाकणे शक्यच नसेल तर रिपीटर हा पर्याय आहे. पण साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. केबलचा खर्च एकदाच होतो. जमत असेल तर भाड्याच्या घरातही दाराच्या चौकटीलगत क्लिपांनी ती नेता येते.

शेवटी, दोन्ही राऊटरचे पत्ते आणि पासवर्ड एका वहीत लिहून ठेवा. आणि हे काम घरातल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना शेजारी बसवून करा. पुढच्या वेळी तुम्हाला कुणाला बोलवावे लागणार नाही.