पुसाचा रुमाल आणि फळमाशीचा सापळा

डास दूर राहावेत म्हणून बिहारमधील पुसा येथे कोणीतरी रुमालावर सिट्रोनेला तेल लावले आणि त्या रुमालाभोवती फळमाश्या जमू लागल्या. शेजारी राहणारे कीटकशास्त्रज्ञ फ्रँक हाउलेट यांनी त्या माश्या तपासल्या, तेव्हा त्या सगळ्या नर निघाल्या. हे निरीक्षण त्यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे तेलातील घटक वेगवेगळे पारखून १९१५ पर्यंत त्यांनी खरा आकर्षक पदार्थ शोधला, तो म्हणजे मिथाइल युजेनॉल. (१९३४च्या भूकंपानंतर पुसाची कृषी संशोधन संस्था दिल्लीला गेली, पण नाव सोबत घेऊन!)

या शोधाचे मोल फळमाशीच्या जीवनक्रमात आहे. मादी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या आतला गर खातात. फळ वरून बरेच दिवस धडधाकट दिसते आणि फवारणी आत पोहोचत नाही. म्हणून बागेत माशी कधी आली व किती वाढली, हे आधी कळणे महत्त्वाचे. मिथाइल युजेनॉल व कीटकनाशक यांत भिजवलेला प्लायवुडचा तुकडा, तो टांगलेला भोके पाडलेला डबा आणि आत पडलेल्या नरांची नियमित मोजणी, एवढीच ही रचना.

बाजारात याला सर्रास ‘कामगंध सापळा’ म्हणतात. ते काटेकोरपणे बरोबर नाही. हा मादीचा गंध नसून वनस्पतींत आढळणारा पदार्थ आहे. नर तो खातात आणि त्यापासून मादीला भुलवणारा स्वतःचा गंध तयार करतात. केरळातील शेतकरी नारळाच्या करवंटीत तुळशीची पाने चुरडून ठेवतात, त्यामागेही हेच रसायन आहे.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. सापळ्यात नर मरतात, नुकसान मादी करते. उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो; शिवाय शेजारच्या बागेतून नवे येतातच. साठच्या दशकात प्रशांत महासागरातील रोटा बेटावरून हीच माशी नर संपवून नाहीशी करता आली, त्यात भोवतालच्या समुद्राचा वाटा मोठा होता.

पाळत ठेवण्यासाठी मात्र हा गंध अजोड ठरला. २००३ मध्ये केनियात एक अनोळखी फळमाशी सापडली. २००५ मध्ये तिला ‘बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडेन्स’ हे नवे नाव मिळाले. तिचे नरही मिथाइल युजेनॉलकडे धावत असल्याने आफ्रिकेतील तिचा प्रसार सापळ्यांतून टिपता आला. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी ते नाव रद्द केले. ती आशियातलीच ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस’ होती, आपल्या आंब्यावरची जुनी माशी.

दरम्यान भारतातून गेलेल्या मालात फळमाश्या आढळल्याने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा व चार भाज्यांची आयात बंद केली. कोकणात तेव्हा हापूसचा हंगाम भरात होता. आंब्यावरील बंदी उठवण्याचा निर्णय जानेवारी २०१५ मध्ये झाला. तो हंगाम तोवर कधीच सरला होता.