डिझेल इंजिनातील दप्तर : निलंगा तालुक्याच्या निमित्ताने

बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली. निलंग्यापर्यंत मात्र ती आली नाही. त्यामुळे १९५६ साली बीदर जिल्ह्यातून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात व १९८२ साली लातूर जिल्ह्यात गेलेल्या या तालुक्याच्या वाहतुकीचा इतिहास हा मुख्यतः रस्त्याचाच इतिहास होय. १९५४ पासून जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीज-बेंझ डिझेल ट्रक तयार होऊ लागले. अशा उत्पादनाची नोंद कारखान्याच्या दप्तरात राहते. घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेच इंजिन उकलून पुन्हा बांधणाऱ्या मिस्त्रीच्या कामाची नोंद कागदोपत्री क्वचितच आढळते. तथापि ती इंजिनात असते. झिजलेला क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग करून गोल केला, म्हणजे त्याचा व्यास घटतो व त्या मानाने जाड बेअरिंगे बसवावी लागतात. त्यांच्या पाठीवर ०·२५, ०·५० असे मिलिमीटरचे आकडे उमटविलेले असतात. शाफ्ट किती उतरला व अजून किती आयुष्य शिल्लक आहे, हे त्यांवरून वाचता येते. इंजिन भंगारात वितळले की हा पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने दप्तरखान्याबरोबर गॅरेजचेही दार ठोठावणे अगत्याचे आहे.