संभाषणाचे मोल

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. भारतातील मोबाइल सेवेचा तो आरंभ होय. त्या वेळी मिनिटास सोळा रुपयांपर्यंत आकार पडे आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे मोजावे लागत. असे यंत्र शाळकरी मुलाच्या हाती देण्याचा विचार सामान्य गृहस्थाच्या मनात येणे शक्य नव्हते. पुढे ते मुलांच्या हाती आले, आणि त्यांच्या सवयींना वळण लावण्यात दरपत्रकाचा वाटा फार मोठा राहिला.

1999 च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरील ठराविक परवानाशुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली. स्पर्धा वाढली, दर उतरले आणि 2003 मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले. तथापि बोलण्यास पैसे पडतच होते. त्यातून ‘मिस्ड कॉल’ ही युक्ती रूढ झाली. शिकवणीहून निघालेल्या मुलीने एक रिंग द्यावी आणि घरच्यांनी ती ओळखून निश्चिंत व्हावे! निरोप पोहोचे, पैसा मात्र खर्च होत नसे.

एसएमएसची कथा याहून उद्बोधक आहे. एका संदेशात रोमन लिपीची 160 अक्षरे मावत. देवनागरीसाठी ही मर्यादा 70 चिन्हांची, आणि त्यात काना-मात्राही मोजली जाई. शिवाय अनेक हँडसेटवर देवनागरीची सोयच नसे. साहजिकच मराठी मुले रोमन लिपीत, तीही स्वर गाळून, मराठी लिहू लागली. दिवाळीसारख्या सणांच्या दिवशी सवलतीचे पॅक लागू नसत. म्हणून शुभेच्छा आदल्या दिवशीच रवाना होत. पुढे संदेशांचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला, परंतु रोमन लिपीची सवय उरली. दर जातो, वळण राहते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

2014 मध्ये एका जीबी डेटासाठी ग्राहकास सरासरी सुमारे 269 रुपये पडत. सप्टेंबर 2016 मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि 2018 मध्ये हीच सरासरी बारा रुपयांच्या आत आली. पूर्वी मुले डेटा जपून वापरीत, वापर झाला की तो बंद करीत. रोज दीड किंवा दोन जीबी देणाऱ्या योजनांनी ही काटकसर निरर्थक ठरविली. मध्यरात्री शिल्लक लयास जाते. तेव्हा ती त्याआधी संपविणे हाच शहाणपणा वाटू लागतो. रात्री उशिरापर्यंत चित्रफिती पाहणाऱ्या मुलास दोष देताना या हिशेबाचाही विचार व्हावा.

स्वस्ताईलाही मर्यादा आहे. अठ्ठावीस दिवसांच्या मुदतीमुळे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागत. अखेर 2022 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणास प्रत्येक कंपनीने किमान एक योजना तीस दिवसांची ठेवावी, असा आदेश काढावा लागला. जुलै 2024 मध्ये प्रमुख खासगी कंपन्यांनी दर पुन्हा वाढविले. एक जीबी स्वस्त असला, तरी आत शिरण्याचे तिकीट म्हणजे हँडसेट आणि रिचार्ज यांचा एकत्रित खर्च होय, आणि हातावर पोट असलेल्या कुटुंबास तो जाणवतो.

हा खर्च कोणासाठी करावयाचा, हे घरातील वडीलधारी माणसे ठरवितात. सिमकार्डही अठरा वर्षांखालील मुलांना स्वतःच्या नावे मिळत नाही. ‘असर’च्या 2023 च्या ग्रामीण पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 18 वयोगटातील मुलांपैकी 43.7 टक्क्यांजवळ स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण 19.8 टक्के होते. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्गच फोनमध्ये आला, तेव्हा घरात एकच फोन असणे म्हणजे काय, हे अनेक भावंडांनी अनुभवले. मुले फोनवर किती वेळ घालवितात, याची चर्चा घरोघरी होते. घरातील एकुलता फोन मुलीच्या हाती किती वेळ येतो, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला जातो.