पेढीवरचं बुबुळ

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग सुरतेला बगल देतो आणि तापी ओलांडतो, तिथे कामरेज. एके काळी हा गायकवाडांच्या नवसारी प्रांताचा महाल होता. आता आसपास उसाचे फड आहेत. दिवाळीनंतर नंदुरबार, धुळ्याकडच्या आणि डांगातल्या तोडणीच्या टोळ्या या भागात उतरतात.

उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. ती बुबुळावर घासली की जखम एवढीशीच होते, पण पात्यावरची बुरशी आत शिरते. काही दिवसांत पांढरा व्रण दिसू लागतो. तो भरला तरी डाग राहतो. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. इतक्या क्रूर गोष्टीला इतका कोवळा शब्द दुसरा मला आठवत नाही. पूर्वी ही फुलं देवीच्या साथी पाडत, जीवनसत्त्व ‘अ’ची उपासमार पाडे. थेंबांनी जंतू मरतात, पण पडलेलं फूल पुसलं जात नाही. काच गढूळ झाली तर काचच बदलावी लागते.

ही काच म्हणजे बुबुळावरचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पारदर्शक पडदा. नेत्ररोपणात अख्खा डोळा बसवतात असा समज अजून घरोघरी आहे. बदलतात तो एवढा पडदाच; बोलताना त्यालाच बुबुळ म्हणतात.

तो माणसाला पहिल्यांदा यशस्वीपणे बसला 7 डिसेंबर 1905 रोजी, मोराव्हियातल्या ओलोमौत्स गावी. अलोइस ग्लोगर हा मजूर. चुन्याने त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. लोखंडाचा कण शिरून निकामी झालेला एका अकरा वर्षांच्या मुलाचा डोळा त्याच सुमारास काढावा लागला. डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी त्या बुबुळातल्या चकत्या ग्लोगरला बसवल्या. एक डोळा फसला, दुसरा स्वच्छ राहिला आणि ग्लोगर कामावर परतला. म्हणजे या शस्त्रक्रियेच्या मुळाशी एका मुलाने एका मोठ्या माणसाला दिलेली नजर आहे.

परक्या शरीराचा तुकडा टिकला कसा? बुबुळाच्या पडद्याला रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू त्याला अश्रूंतून, हवेतून मिळतो. त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना परका आल्याची खबर उशिरा लागते, कधी लागतही नाही. मात्र व्रणापाठोपाठ बुबुळात रक्तवाहिन्या शिरल्या असतील तर ही सवलत संपते. उसाच्या फडातला डोळा आणि पाठ्यपुस्तकातला डोळा यांत फरक पडतो तो इथे.

पण जिवंत माणसाचा डोळा निकामी होण्याची वाट किती दिवस पाहणार? 1930च्या दशकात ओडेसाच्या व्लादिमीर फिलातोव यांनी मृताचं बुबुळही चालतं हे दाखवून दिलं, आणि मग साठवणुकीचा प्रश्न आला. 1944मध्ये न्यूयॉर्कला नेत्रपेढी निघाली, 1945मध्ये मद्रासला डॉ. मुथय्यांनी काढली. मराठीने यासाठी ‘पेढी’ हा सराफीतला शब्द घेतला, ते मला फार नेमकं वाटतं. सुरतेला पेढी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही: विश्वासावर ठेव, चोख नोंद आणि वेळेचं भान. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात. साठवणुकीच्या नेहमीच्या एमके द्रवात, 4 अंश तापमानात, बुबुळ चारेक दिवस टिकतं. पेढीवर दुसरं काहीही इतक्या लवकर नासत नाही.

1957मध्ये मुंबई राज्याने बुबुळरोपणासाठी कायदा केला. राज्य तेव्हा द्विभाषिक होतं. कामरेज आणि नंदुरबार एकाच राज्यात होते.

आता बसवलेल्या बुबुळाचं पुढे काय होतं ते बघू. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने 1997मध्ये आपला मोठा हिशेब मांडला. एक वर्षाने सुमारे 80 टक्के बुबुळं स्वच्छ होती, पाच वर्षांनी निम्म्याहूनही थोडी कमी. बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याच्या विकारात मात्र पाच वर्षांनीही 95 टक्क्यांच्या आसपास टिकली. हात तेच, पेढी तीच. निकाल ठरतो तो मुळात डोळा कशाने गेला यावर, आणि नंतर थेंब किती नेमाने पडले यावर.

मुलांचं तर सगळंच अवघड. त्यांच्या डोळ्याची भिंत मऊ असते, उघडताच आतलं सगळं पुढे लोटतं. प्रतिकारशक्ती तरतरीत असते. तपासायलाही अनेकदा भूल द्यावी लागते. मोठ्या माणसाचे टाके वर्षभर राहतात, लहानग्याचे काही आठवड्यांतच सैल होतात, आणि सैल टाका म्हणजे जंतूंना उघडं दार. त्यात मेंदू पाहायला शिकतो तो पहिल्या सात-आठ वर्षांत. तो काळ गढूळ काचेमागे गेला तर नवं बुबुळ लख्ख असूनही मूल पाहत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधतात. मूल रडतं, पट्टी ओढतं, आई पुन्हा बांधते.

ही आई तोडणीच्या टोळीतली असेल, तर तिच्यासाठी वर्षाचे दोन तुकडे असतात. हंगाम संपला की कोयते गुंडाळून टोळी परत निघते. दवाखान्याच्या कार्डावरची पुढची तारीख जूनमधली असते. तेव्हा ती नवापूरच्या पलीकडे पेरणीत असते, आणि थेंबांची बाटली बहुधा त्याआधीच संपलेली असते.