तांब्याचा हिरवा रंग घासायच्या आधी

हा भाग ऐकण्याऐवजी वाचत असाल तर एक सांगून ठेवतो. बोलताना जे बोललो तेच थोडं नीट करून इथे टाकलंय, त्यामुळे वाक्यं कुठे कुठे बोलल्यासारखी वाटतील.

विषय एका मेसेजवरून सुरू झाला. "दादा, ऑनलाइन तांब्याची अंगठी घेतली, चार दिवसांत बोट हिरवं पडलं. फसवलं का मला?"

नाही फसवलं. उलट बोट हिरवं पडलं म्हणजे त्यात तांबं आहे एवढं तरी नक्की. घामात मीठ असतं, थोडं आम्ल असतं. ते तांब्याला लागलं की तांब्याचे क्षार तयार होतात आणि त्यांचा रंग हिरवा किंवा निळसर असतो. साबणाने हात धुतला की जातो. अंगठी नुसत्या तांब्याच्या मुलाम्याची आहे का ते बघायचं असेल तर घरातलं एखादं लोहचुंबक लावून बघा. तांबं चुंबकाला चिकटत नाही, पितळ नाही, कासंही नाही. चिकटली तर आत लोखंड आहे.

मेसेजचं उत्तर इथे संपलं असतं. पण त्या हिरव्या रंगावरून मला माझीच एक चूक आठवली, आणि त्या चुकीमुळे मी जे वाचलं ते आजच्या भागात सांगायचंय.

आमचं गाव नागरा. गोंदियाला लागूनच आहे, महादेवाच्या जुन्या हेमाडपंती मंदिरामुळे ओळखलं जातं, महाशिवरात्रीला मोठी गर्दी असते. घरी आजीच्या पेटीत तांब्याचं एक कडं होतं. जाड, साधं, नक्षी नाही. वर हिरवा थर, आणि एका बाजूला कापडाचा तुकडा चिकटून कडक झालेला. मागच्या दिवाळीत मला त्याचा फोटो हवा होता. चिंच आणि मीठ घेतलं, दहा मिनिटं घासलं, कडं नव्या पैशासारखं चमकलं. फोटो छान आला, लाइक्सही आले. आजीने कडं हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि विचारलं, "काहून घासलं रे बाबू? चिंधी कुठी गेली? माह्या मायच्या लुगड्याची होती थे."

चिंधी मोरीतून वाहून गेली होती.

आता इतिहासाकडे येऊ. नागऱ्याहून बालाघाट फार लांब नाही, गोंदियाहून रेल्वेने चाळीसेक किलोमीटर. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण 1867 साली बालाघाट जिल्हा तयार झाला तेव्हा त्यात भंडारा जिल्ह्याचाही भाग घेतला होता. आणि आपला गोंदिया तर 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता. म्हणजे जुन्या नकाशावर हे सगळं एकच अंगण.

त्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया नावाचं गाव आहे. 1870 साली तिथे गुरं चारणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून धातूचं टोक वर आलेलं दिसलं. ओढलं तर निघालं. मग मोठ्यांनी खणलं. खाली तांब्याच्या 424 वस्तू नीट रचून ठेवलेल्या, एकूण वजन 829 पौंड, म्हणजे पावणेचारशे किलोच्या आसपास. बहुतेक चपट्या कुऱ्हाडी आणि लांब पहारीसारख्या पट्ट्या, जवळजवळ शुद्ध तांब्याच्या. आणि एका बाजूला वेगळ्या ठेवलेल्या चांदीच्या 102 पातळ चकत्या. काही गोल, काही शिंगं असलेल्या बैलाच्या तोंडासारख्या. भारतात ताम्रनिधी म्हणून जे साठे सापडतात त्यात हा सगळ्यात मोठ्या साठ्यांपैकी एक. त्यातल्या काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेल्या, काही नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आल्या. नागपूरकरांच्या भाषेत अजब बंगला.

बघा, औजारं तांब्याची आणि शोभेचं काम चांदीचं. आपण शाळेत "ताम्रयुग" शिकतो तेव्हा वाटतं, तेव्हा सगळे तांब्याचे दागिने घालून फिरत असतील. तसं नव्हतं. तांबं महाग होतं, मेहनतीचं होतं. आज त्याच बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडला देशातली सगळ्यात मोठी तांब्याची खाण आहे, हिंदुस्तान कॉपर लिमिटेडची. पण डंपर नसताना, ब्लास्टिंग नसताना दगडातून तांबं काढायचं म्हणजे काय, याचा विचार करा.

पुढे लोखंड आलं तेव्हा वाटणी बदलली. नागपूरच्या आसपास माहुरझरी, टाकळघाट-खापा, जुनापाणी इथे दगडांची मोठी वर्तुळं आहेत, तीन हजार वर्षांच्या आसपासची दफनं. नागपूर विद्यापीठाच्या लोकांनी 1960 आणि 70 च्या दशकांत तिथे बरंच उत्खनन केलं. कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या लोखंडाच्या निघाल्या. आणि तांबं? तांब्याच्या बांगड्या. तांब्याच्या घंट्या, आतली जीभ लोखंडाची. घोड्याच्या तोंडावर बांधायचा तांब्याचा साज. काम लोखंडाकडे गेलं आणि तांबं सजायला मोकळं झालं. मला हे फार आवडतं. नवीन टेक्नॉलॉजी आली की जुनी मरत नाही, तिला दुसरी नोकरी मिळते. (आमच्या ऑफिसात हे वाक्य कुणी मानत नाही.)

आता माझ्या चिंधीशी ज्याचा थेट संबंध आहे ते सांगतो. त्यासाठी विदर्भ सोडून प्रवरेच्या काठी जावं लागेल, नेवाशाला. ज्ञानेश्वरीचं नेवासा, तेच. 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी तिथे उत्खनन केलं. ज्ञानेश्वरांच्याही दोन-अडीच हजार वर्षं आधीची वस्ती तिथे सापडली. त्या काळात लहान मूल गेलं की त्याला मडक्यात ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या आत दोरा शिल्लक होता. तपासला तर त्यात रेशीम निघालं.

तीन हजार वर्षांहून जुना दोरा, महाराष्ट्राच्या मातीत. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने सुतळी टिकत नाही! कपडे गेले, पाळणा गेला, त्या मुलाच्या आईने त्याला कशात गुंडाळलं होतं तेही गेलं. दोरा मात्र राहिला, कारण तो तांब्याच्या मण्यात होता. तांबं गंजताना जे क्षार सुटतात ते बुरशीला आणि जिवाणूंना विषासारखे असतात. ते दोऱ्यात मुरतात, तो कुजायचा थांबतो, आणि हळूहळू धाग्याच्या जागी खनिजच बसतं. जे हिरवं आपण मळ म्हणून घासतो, त्याच हिरव्याने तो दोरा सांभाळला. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी चांडोलीला 1960 साली उत्खनन झालं, तिथेही तांब्याच्या मण्यांच्या माळेत दोरा टिकलेला मिळाला.

हे फक्त आपल्याकडेच नाही. बलुचिस्तानात मेहरगढ नावाची नवाश्मयुगीन वस्ती आहे. तिथल्या एका दफनात मनगटाजवळ तांब्याचे आठ मणी होते. त्यातल्या एका मण्यात अडकलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर कापूस निघाला. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या सहस्रकातला, म्हणजे सात हजार वर्षं जुना. हा शोध 2002 साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हा आपल्या बाजूच्या जगातला तो सगळ्यात जुना कापूस होता. यवतमाळ-वर्ध्याच्या मंडळींनी हे जरा अभिमानाने ऐकावं. कापसाचा एवढा जुना पुरावा एका दागिन्याच्या भोकात सापडला.

त्याच मेहरगढची अजून एक वस्तू आहे. दोनेक सेंटीमीटरचं, सहा आऱ्यांच्या चाकासारखं ताईत, सहा हजार वर्षं जुनं. ते आतपर्यंत गंजून गेलेलं, धातू जवळजवळ उरलाच नव्हता. 2016 साली फ्रान्सच्या संशोधकांनी त्या गंजावर खास प्रकाश टाकून बघितलं, आणि ओतताना वितळलेल्या तांब्यात हवेतला प्राणवायू कसा मिसळला होता, ते गंजात उमटलेलं दिसलं. त्यावरून ठरलं की ते मेणाचा साचा करून ओतलेलं आहे, आणि तांबं जवळजवळ शुद्ध आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर गंज ही लॉग फाइल आहे. सिस्टीम बंद पडली तरी ती वाचता येते. मी आजीच्या कड्याची लॉग फाइल चिंच लावून डिलीट केली.

त्या हिरव्या थराला मराठीत जंगाल म्हणतात. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, तेही तांब्याचंच काम. पण सगळं हिरवं सारखं नसतं, आणि इथे थोडं लक्ष द्या. चांगला थर घट्ट असतो. आधी लालसर-तपकिरी, मग काळपट, मग ओल आणि कार्बन डायऑक्साइड लागून गडद हिरवा. तो खालच्या धातूला झाकून ठेवतो. वाईट हिरवं म्हणजे फिकट पोपटी भुकटी. ठिपक्या-ठिपक्यांनी येते, नखाने खरवडली की पडते आणि खाली खड्डा दिसतो. ते मिठातल्या क्लोराइडचं काम. क्लोराइड, ओल आणि हवा मिळून तांबं खातात, त्यातून आम्ल तयार होतं, ते आम्ल पुन्हा तांबं खातं, पुन्हा आम्ल. इन्फिनिट लूप. संग्रहालयातले लोक त्याला कांस्यरोग म्हणतात आणि अशा वस्तू अगदी कोरड्या हवेत ठेवतात. म्हणून जुन्या वस्तूला मीठ-चिंच लावणं डबल नुकसान आहे. थर जातोच, वर मीठ आत शिरतं.

मग आपल्या रोजच्या दागिन्यांचं काय करायचं? नवीन अंगठी, कडं, कानातले चमकवायचे असतील तर खुशाल चमकवा, त्यात काही इतिहास बसलेला नाही. लिंबू किंवा चिंच चालेल, फक्त नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवा आणि लगेच पुसून कोरडं करा. बहुतेक लोक इथेच आळस करतात, आणि उरलेलं आंबट दोन दिवसांत पुन्हा डाग पाडतं. मुलामा असेल, वर पारदर्शक लाखेचा थर असेल, किंवा मोती-पोवळं बसवलेलं असेल तर आंबट अजिबात लावू नका, मऊ ओल्या कापडाने पुसा. आंघोळीला, जिमला, धान रोवायला जाताना काढून ठेवा. ठेवताना कोरडं करून छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत, आत बुटांच्या डब्यात येते ती सिलिका जेलची पुडी टाकून. बोट हिरवं पडू नये म्हणून अंगठीच्या आतून रंगहीन नेलपेंट लावतात. चालतं, पण थोड्या दिवसांनी निघतं, पुन्हा लावायचं.

आणि हो, संधिवातासाठी तांब्याचं कडं. दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठाने आमवाताच्या 70 रुग्णांवर तपासलं, 2013 साली निकाल आला. तांब्याच्या कड्याने दुखणं, सूज किंवा आजाराचा जोर यात फरक पडला नाही. आवडतं म्हणून घाला, गोळ्या बंद करू नका.

राहिली जुनी वस्तू. घरातली असेल तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. चिकटलेला दोरा, कापड, केस, माती, काहीही असो, राहू द्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे काय आहे. मी फोटो आधी काढला असता तर निदान चिंधीचा फोटो तरी असता.

शेतात, विहिरीत, घराच्या पायव्यात सापडलेली असेल तर गोष्ट वेगळी. गुंगेरियानंतर आठ वर्षांनी, 1878 साली, भूमिगत धनाचा कायदा आला आणि तो आजही आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये तेव्हाचे, आकडा तोच राहिलाय. लोक घाबरून लपवतात किंवा भंगारवाल्याला किलोने देतात. तांब्याला भाव आहे, मोह होतो, समजू शकतो. पण निदान धुऊ नका. कुठल्या जागी, किती खोल, सोबत काय होतं, एवढं लिहून ठेवा. नेवाशाचे ते मणी कुणाला नांगरताना सापडले असते तर पहिली गोष्ट त्याने पाण्यात बुडवून चोळली असती, आणि रेशीम गेलं असतं.

आजीच्या कड्याचं विचारत असाल तर ते आता पुन्हा तपकिरी पडायला लागलंय. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा पेटी उघडून बघितली. तिने स्वतःच्या जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडून त्याला गुंडाळून ठेवली आहे. मी हात नाही लावला, फक्त फोटो काढला.