लोकर : आटरोधक रासायनिक संस्करण

धुलाईत लोकरीचे कापड आटू नये म्हणून तंतूंच्या पृष्ठभागावर करण्यात येणारी प्रक्रिया.

कारण : लोकरतंतूवर खवले असून त्यांच्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात. तंतू मुळाकडून टोकाकडे बोटांतून ओढला तर गुळगुळीत लागतो, उलट ओढला तर खरखरतो. ओल्या कापडाला घुसळण मिळाली की तंतू एकाच दिशेने सरकतात, गुंततात आणि मागे फिरत नाहीत. कापड आखूड व जाड होते.

पद्धती : प्रचलित क्लोरीन–हर्कोसेट पद्धत ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेने विकसित केली. आम्लयुक्त द्रावणातील क्लोरीनमुळे खवल्यांतील प्रथिनांचे गंधकबंध तुटतात व कडा मऊ पडतात. उरलेला क्लोरीन सोडियम सल्फाइटने काढून तंतूंवर पॉलिअमाइड राळेचा पातळ लेप देतात. नंतर मृदुकारक लावून लोकर वाळवतात. क्लोरीनची मात्रा जास्त झाल्यास लोकर पिवळी व कमजोर होते. सांडपाण्यात क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगेही उतरतात. म्हणून परमोनोसल्फेट, ओझोन, प्लाझ्मा व प्रथिनभंजक विकरे हे पर्याय पुढे आले. लोकरीच्या चाचण्या व संशोधनासाठी ठाण्यात वूल रिसर्च असोसिएशन ही संस्था आहे.

महाराष्ट्रातील उदाहरण, अहिल्यानगर जिल्हा : येथील मेंढ्या दख्खनी जातीच्या, संगमनेरी हा त्यांतील एक प्रकार. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीच्या सुधारणेचे काम चालते. मेरिनो लोकरीचा तंतू साधारण २० मायक्रॉन जाडीचा, तर दख्खनी लोकरीचा सुमारे ५० मायक्रॉनचा, राठ व केसाळ असतो. ही लोकर मुख्यतः घोंगडी व जेन (लोकरीचा जाड नमदा) यांसाठी वापरतात. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. तिने विणताना सूत तुटत नाही, मात्र आटण्याला आळा बसत नाही. जेन तर तंतू मुद्दाम गुंतवूनच तयार होते.

उपयुक्तता : यंत्रात धुवायच्या स्वेटर, मोजे व बाळकपड्यांसाठी हे संस्करण मोलाचे आहे. घोंगडीला मात्र ते मारक ठरेल. क्लोरीनने तंतूवरील पाणी झटकणारा मेदाचा थर निघून जातो आणि लोकर पाणी चटकन शोषते. मेंढपाळाला तर पावसात पाणी निथळणारी घोंगडी हवी असते.